आपण दोघांनी बांधलेलं इंजिन

मामा, तिसऱ्या दांड्याची टोपी नक्की कुणाची, हा आपला वाद अर्धाच राहिला. तुम्ही म्हणत होता, ती त्याचीच. मी म्हणत होतो, दुसऱ्याच दांड्याची आहे. भांडण रंगात आलेलं असताना समोरच्या माणसाने असं उठून जायचं नसतं. तुम्ही ओट्यावर बसल्या बसल्या गेलात, चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत थांबला नाहीत. अजून महिनाही झालेला नाही. मला रडू येतं, पण त्याच्या आधी राग येतो, आणि तो तुमचाच येतो.

‘मामा’ हे मी आत्ता म्हणतोय. जावई सासऱ्याला मामा म्हणतो, यात नवल काही नाही. पण तुमच्या तोंडावर मी तसं कधी म्हटलं नाही आणि तुम्हीही मला कधी जावई म्हटलं नाही. तुम्ही अंबाडीजवळच्या गावातले जमीनजुमला असलेले आगरी. मी भिवंडीतला बौद्ध, यंत्रमागाच्या कारखान्यात बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. आमच्याकडे अशा माणसाला जॉबर म्हणतात. वैशालीने मला पसंत केलं आणि ते तुम्हाला पसंत पडलं नाही. लग्नाला तुम्ही आला नाहीत. मुलीला मात्र तुम्ही तोडलं नाही, ते खरं. सणासुदीला ती माहेरी यायची. मी तिला मोटरसायकलवरून तुमच्या फाटकाशी सोडायचो आणि तिथूनच मागे वळायचो. आमच्या घरी तर तुमच्याकडचं चिटपाखरू कधी फिरकलं नाही. वैशालीने माझ्याकडे कधी दागिना मागितला नाही, फ्लॅट मागितला नाही. बाबांनी एकदा माझ्या घरी येऊन माझ्या हातचं जेवावं, एवढंच ती म्हणायची. आणि ते काही माझ्या हातात नव्हतं.

त्या दिवशीही मी फाटकातच होतो. तुमची जुनी डिझेल जीप तेव्हा डिझेल कमी आणि ऑइल जास्त पीत होती. मागून जाणाऱ्याला रस्ता दिसत नसे, एवढा धूर. नाक्यावरच्या मेकॅनिकला तुम्ही इंजिन देणार नव्हता, कारण तो चांगले पार्ट काढून घेतो असा तुमचा ठाम समज होता. तुमचा समज ठाम व्हायला पुरावा लागत नसे. म्हणून तुम्ही एकट्याने इंजिन काढायला घेतलं होतं. रिकाम्या गोठ्याच्या तुळईला साखळीची कप्पी बांधून इंजिन वर उचललं होतं आणि खालून जीप मागे ढकलत होता. मी वैशालीची पिशवी उतरवत होतो, तेवढ्यात तुळई करकरली. इंजिन एका बाजूला झुकलं आणि तुमच्या डोक्याच्या दिशेने हेलकावे खायला लागलं.

“धर रे, धर! बगतोस काय!”

लग्नानंतर इतक्या वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी मोटरसायकल तशीच आडवी टाकली आणि धावत येऊन त्या धुडाला मिठी मारली. पांढऱ्या शर्टाचं जे व्हायचं ते झालं. तुम्ही साखळी एकेक कडी सोडत होता, वरून भुसा गळत होता, माझे पाय इंजिनाच्या बरोबर खाली होते. ते जमिनीवरच्या टायरवर टेकलं तेव्हा आपण दोघंही धापा टाकत होतो. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. तुम्ही बोललात. म्हणालात, “तो पाना दे.”

जावयाला कुणी काम सांगत नाही. पाटावर बसवतात, वाढतात, आग्रह करतात. तुम्ही मला पाना मागितलात, तेव्हा मला वाटलं, बघा, हा मला जावई धरतच नाही, गडी धरतो. घरी गेल्यावर मी वैशालीजवळ बराच बडबडलो. ती म्हणाली, “त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला त्यांचा पाना धरू दिलाय का, विचार आईला.” आणि पुढच्या सुट्टीला मी परत आलो. का आलो, विचाराल तर इंजिन उघडून बघायची मलाही खाज होती.

आपल्यापैकी कुणीच आधी इंजिन बांधलं नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. तुमचा अनुभव ट्रॅक्टरचं ऑइल बदलण्यापुरता आणि माझा लूमपुरता. मी फोनवर हिंदीतले व्हिडिओ लावायचो आणि तुम्ही तिकडे पाठ करून बसायचा. “त्या फोनमदल्या मानसाला सांग, ये हितं, हात काले करून दाकव.” पण मी आवाज बारीक केला की तुम्हीच म्हणायचा, “वारव जरा.” इंजिनाचा ब्लॉक भिवंडीच्या वर्कशॉपमधून आतून नव्याने घासून, बोअर करून आणला, नवे पिस्टन आणले. बाकीचं सगळं गोठ्यात, तुमच्या शिव्यांच्या तालावर चाललं.

त्या टोप्यांचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा एक दांडा असतो. दांड्याच्या खालच्या टोकाला अर्धी गोल टोपी येते आणि ती दोन बोल्टांनी आवळतात. दांडा आणि टोपी एकत्र धरून भोक गोल केलेलं असतं, म्हणून ज्याची टोपी त्यालाच बसवावी लागते. चार पिस्टन, चार दांडे, चार टोप्या. त्यांच्यावर नंबर असतात, पण आपल्या इंजिनावर आधी कुणीतरी हात चालवून ते घासून टाकले होते. मी कारखान्यातून रंगीत सूत आणलं आणि जोडीजोडीला बांधलं. लाल, हिरवं, पिवळं, निळं. “राख्या बांधतोस काय?” म्हणून तुम्ही हसलात. मी म्हणालो, पंच मारून ठिपके उठवू या. तुम्ही म्हणालात, “मना लक्षात ऱ्हातं.”

मग दसरा आला.

दसऱ्याला मी नव्हतो. तुमचा दसरा, तोच आमचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. मी माझ्या आईला घेऊन विहारात गेलो होतो. दुसऱ्या दिवशी गोठ्यात आलो आणि बघतच राहिलो. दर दसऱ्याला तुम्ही जीपची पूजा करायचा. यंदा जीप उघडलेली, मग तुम्ही इंजिनाचीच पूजा मांडलीत. सगळे पार्ट डिझेलने धुऊन, पुसून, पाटावर लाल कापड घालून मांडलेले. लहानमोठे बघून, दिसायला सुंदर. झेंडूच्या माळा, आपट्याची पानं. चारी टोप्या एका ओळीत आणि प्रत्येकीवर कुंकवाचं बोट. सूत मात्र कुठेच नव्हतं.

“दोरे कुठे गेले?”

“देवापुरं त्या मलक्या चिंध्या ठेवाच्या? तोरून टाकल्या.”

याची टोपी त्याला घालणं आपण म्हणीत ऐकतो, तुम्ही ते खरोखर करून ठेवलं होतं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, पूजेला माझी ना नाही, पण एवढे दिवस आपण केलं ते सगळं मातीत घातलंत. तुम्ही उठलात. “माजी गारी, माजी पूजा. तू कोन सांगनारा?”

“तेच विचारतोय मी,” मी म्हणालो. “मी कोण आहे इथे? एकदा सांगून टाका.”

आई, म्हणजे तुमच्या घरच्या, दारात उभ्या होत्या. वैशाली त्यांच्या मागे. तुम्ही तोंड उघडलंत आणि मिटलंत. मी हात न धुताच मोटरसायकल काढली. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही शेवटपर्यंत दिलं नाहीत, मामा. मीही परत विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची.

परत जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. वैशाली रडली नाही, बोलली नाही, ती फक्त भांडी जोरात घासायला लागली. आणि मग एका दुपारी तुम्ही कारखान्याच्या दारात उभे. आमच्या खात्यात लूम चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. तुम्ही हातातली कापडी पिशवी वर करून दाखवलीत. एस.टी.तून मांडीवर घेऊन आला होता. मी तुम्हाला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं, तुम्ही पिशवी उघडलीत, तर जुन्या लुगड्यात गुंडाळलेले चार दांडे आणि चार टोप्या. कुंकू अजून होतं.

“जुलवून दे,” तुम्ही म्हणालात. “मना न्हाय जुलत.”

ते तुमचं माफी मागणं होतं, एवढं मला कळत होतं. पण मीही काही कमी हट्टी नाही. मी म्हणालो, “येतो. पण एक अट आहे. इंजिन चालू झालं की पहिली फेरी आमच्या घरी. आणि वैशालीच्या हातचं जेवायचं.”

तुम्ही रस्त्याकडे बघत चहा संपवलात. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, गोदामाकडे जाणारे ट्रक होते. मग म्हणालात, “पैली चालू त होऊं दे.”

हो नाही, नाही पण नाही. मी तेवढ्यावर आलो.

गोठ्यात आपण दांडे आणि टोप्या जुळवायला बसलो. टोपी आवळायची, सांध्यावरून नख फिरवायचं, नख अडलं की दुसरी घ्यायची. मग क्रँक हाताने फिरवून बघायचा. दोन जोड्या लगेच जमल्या. उरलेल्या दोन टोप्या मात्र सख्ख्या बहिणींसारख्या. तुम्ही एक उचललीत, तिसऱ्यावर ठेवलीत, नख फिरवलंत आणि म्हणालात, “हीच.” मी क्रँक फिरवला. फिरला, पण जड. मी म्हणालो, बदलून बघू. “नवं काम हाय, घासंल न बसंल. हात लावलास त बग.” मी नख फिरवलं तेव्हा मला सांधा लागत होता. तुमच्या नखाला लागत नव्हता, कारण तुमची नखं शेतात झिजलेली. हे मी तेव्हा म्हणालो नाही. म्हणालो असतो तर पुन्हा अबोला.

दिवाळी झाल्यावर इंजिन परत जीपमध्ये चढवून आपण ते चालू केलं. स्टार्टर फिरत होता, फिरत होता, काहीच नाही. तुम्ही पंपाचा बोल्ट सैल करून हवा काढलीत, डिझेल माझ्या चेहऱ्यावर उडालं. परत स्टार्टर. बॅटरी बसायला आली होती. तुमच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. एका पिस्टनने ठोका दिला, मग दुसऱ्याने, आणि मग सगळं एकदम. गोठा धुराने भरला. मी ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होतो, तुम्ही इंजिनावर कान लावून आत कुठे ठकठक येते का ते ऐकत होता. काटा वर सरकला. ठकठक नव्हती. तुम्ही माझ्या पाठीत अशी थाप मारलीत की मी खोकलो. लगेच हात मागे घेतलात, फडक्याला पुसलात. पण थाप मारून झाली होती. मला तिचं फार वाटलं, मामा. लहान पोरासारखं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी येतो म्हणून तुम्ही वैशालीला फोन केलात. ती पहाटेच मासळीबाजारात जाऊन चिंबोऱ्या घेऊन आली. तांदळाच्या भाकरी थापल्या. माझी आई नवं लुगडं नेसून बसली. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, तसे आम्ही तिघंही बाहेर धावलो. तुम्ही स्टेअरिंगवर होता, इंजिन चालूच.

“उतरा ना बाबा,” वैशाली म्हणाली.

“न्हाय उतरत. गारी गरम झालीय. बंद केली त चालू न्हाय व्हायची.”

मला ते एकदम लागलं. मी म्हणालो, “आपण बांधलंय ते. चालू व्हायला काय धाड भरलीय?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काहीतरी ओठांवर आलं होतं. मग म्हणालात, “व्हईल, व्हईल. पन आज नको.” माझ्या आईने तांब्याभर पाणी आणलं, ते तुम्ही सीटवर बसूनच प्यालात, सगळं. तांब्या परत देताना तिला हात जोडलेत. आणि गेलात. वैशालीने चिंबोऱ्या शेजारी वाटून टाकल्या. आम्ही कुणीच जेवलो नाही.

तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो. एक तर तुम्हाला माझ्या कामावर भरवसा नव्हता, नाहीतर माझ्या घरात पाऊल टाकायचं नव्हतं. यातलं कुठलं खरं मानावं? कामावर भरवसा नसेल तर चालेल, असं मी म्हणत होतो. पण मनातून मला खात्री होती की ते दुसरंच आहे. मग तुम्ही गेलात आणि विचारायला माणूसच उरला नाही. तुमच्या तिरडीला मी खांदा दिला. कुणी अडवलं नाही, कुणी बोलावलंही नाही. चालताना मी मनात तुमच्याशी भांडतच होतो.

तेरावं झालं. लेकीला तिच्या घरी पोहोचवायला माहेरचं माणूस जातं, म्हणून तुमचे थोरले भाऊ तात्या निघाले. आईही म्हणाल्या, मी येते. जीप मी चालवत होतो. तात्या पुढे, ताठ बसलेले. आमचं लग्न झालं तेव्हा सगळ्यांत जास्त विरोधात बोलले ते तात्याच, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांचं आमच्याकडे उतरायचं काही मनात नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मी सवयीने किल्ली फिरवून गाडी बंद केली.

“हिला उतरव न आमाला परत सोर,” तात्या म्हणाले.

वैशाली उतरली. मी किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला आणि थांबला. परत फिरवली. परत तेच. क्रँक गरम होऊन इतका जड झाला होता की स्टार्टरला हलवेना. मामा, मला घाम फुटला. आपण बांधलेलं इंजिन, तात्यांच्या समोर.

“पोरं बोलाव दोनचार, धक्का मारूं दे,” तात्या म्हणाले.

मागून आई म्हणाल्या, “धक्का नको. तवा बी अशीच बंद परली व्हती.”

कधी, मी विचारलं.

“हे हितं आलते त्या रईवारी. हितं येताना अंबारीच्या नाक्याव पान खावाला थांबले, त चालूच व्हयना. रिक्षावाल्यांनी ढकलली. घरी आल्याव मना बोलले, जावयाला सांगू नको. लय मन लावून बांधलीय त्यानं, जिवाला लावून घेल.”

जावयाला. तुम्ही म्हणाला होता, मामा. मला नाही, आईंना, पण म्हणाला होता. आणि त्या गल्लीत बसून तुम्ही मला खरं तेच सांगत होता, फक्त पुढचं गिळून टाकलंत, मला वाईट वाटू नये म्हणून. मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. तात्या बाजूला होते तरी मी रडलो. आणि टोपी दुसऱ्याच दांड्याची होती, मी सांगत होतो तुम्हाला! पण त्यात जिंकल्यासारखं काही वाटेना. तरी एक प्रश्न मी सोडणार नाही. गाडी चालू ठेवूनही दोन घास खाता आले असते. हँडब्रेकवर तुमचा विश्वास नव्हता म्हणाल, तर चाकाखाली दगड लावला असता मी. याचं उत्तर तुमच्याकडे काय होतं, देव जाणे. मला ते हवं होतं.

“धक्का नको,” आई परत म्हणाल्या. “गार होऊं दे. तवर पोरीच्या घरात बसू.” आणि त्या पदर सावरत उतरल्या, वैशालीचा हात धरून गल्लीत शिरल्या. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

तात्या जीपमध्येच बसून राहिले. मीही बसलो. ऊन डोक्यावर आलं, पत्रा तापला. शेजारची बाई दोनदा विचारून गेली, पाणी हवं का. शेवटी ते उतरले आणि माझ्या मागून घरात आले. आईंनी तोवर आतली शेगडी, कपाट, वैशालीने शिवलेली गोधडी, सगळं बघून घेतलं होतं. माझी आई आणि त्या एका चटईवर बसून तुमच्याबद्दल बोलत होत्या. तात्या दाराशी खुर्चीवर टेकले, पाय बाहेर, जसे उठायच्या बेतात. वैशालीने न विचारता पीठ मळायला घेतलं. तव्यावर भाकरी पडली, सुकटाचा वास घरभर झाला.

“बग रं, झाली काय गार,” तात्या म्हणाले.

मी गल्लीच्या तोंडाशी गेलो. जीपवर आता सावली आली होती. बॉनेटवर हात ठेवला. इंजिन कधीच थंड झालं होतं. किल्ली फिरवली असती तर पहिल्या झटक्याला लागलं असतं, माझी खात्री आहे. मी किल्ली खिशात टाकली. मग परत घरात आलो.

“अजून गरम आहे, तात्या,” मी म्हणालो. “जेवूनच निघा.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, आईंकडे बघितलं. मग चपला काढून आत आले आणि मांडी घालून बसले.